बाहेरून घातलेली कडी

बंगळूर शहराच्या वायव्येस पीण्या नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास शेकडो स्त्रिया हातात डबा घेऊन झपाझप चालताना दिसतात. शिलाईच्या एका यंत्रामागची जागा रिकामी राहिली की पुढची सारी ओळ अडते. म्हणून उशीर कोणी खपवून घेत नाही. यांतील पुष्कळ जणी रायचूर, यादगीर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून, काही ओडिशा, बिहारसारख्या दूरच्या प्रांतांतून आलेल्या. भाड्याची एक खोली, नवरा बांधकामावर किंवा रिक्षावर, आणि घरी तीनचार वर्षांचे मूल. हे मूल दिवसभर कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो. ज्या दिवशी त्याला उत्तर सापडत नाही, त्या दिवशी खोलीला बाहेरून कडी घातली जाते. आत मूल, त्याच्याजवळ भाताची ताटली व पाण्याचे भांडे. क्वचित् त्याच्याहून दोनतीन वर्षांनी मोठी असलेली बहीण, जिची शाळा त्या दिवशी बुडालेली असते.

या कडीला काय म्हणावे? कायद्याच्या भाषेत ती हेळसांड ठरेल. आईच्या दृष्टीने ती रस्त्यावरच्या भरधाव वाहनापासून, उघड्या गटारापासून आणि परक्या माणसापासून मुलाचे केलेले रक्षण होय. दोन्ही म्हणणी खरी आहेत. मुलांच्या छळाचा विचार यांपैकी एकच म्हणणे ऐकून थांबला, की तो एक तर कठोर होतो, नाही तर भाबडा.

छळाचा प्रश्न आपल्याकडे लहान नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून ती केलेली होती. कर्नाटक तीत नव्हते. महाराष्ट्र आणि गोवा होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसलेला आढळला. आणि घरात ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्यापैकी शेकडा ८८ हून अधिक मुलांना मारणारे त्यांचेच आईबाप होते. हा आकडा वाचून मान खाली जाते. परंतु मान खाली घालून भागणार नाही, कारण हे आईबाप म्हणजे कोणी निराळ्या जातीची माणसे नव्हेत. ‘छडी लागे छमछम’ हे ज्यांनी आपल्या लहानपणी हसतहसत म्हटले, तीच पिढी पुढे आईबाप झाली. मारल्याखेरीज मूल वळणावर येत नाही, हा समज त्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेला नाही. तो अंगावरून अंगावर आलेला आहे.

अमेरिकेत हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली आपल्या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला आणि मार खाऊन रुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या दुखण्याला प्रथमच एक वैद्यकीय नाव दिले. तोवर मोडलेल्या हाडांची कारणे ‘जिन्यावरून पडला’ अशीच नोंदली जात. त्यानंतर जगभर कायदे झाले, तक्रारीची व्यवस्था झाली, मुलांना घरातून हलविण्याचे अधिकार निर्माण झाले. हे सर्व आवश्यकच होते. पण या साऱ्या व्यवस्थेचा प्रारंभ हाड मोडल्यानंतर होतो. हात उगारला जाण्यापूर्वी त्या घरात काय चालले होते, तेथे कोणी मदतीला जाऊ शकले असते काय, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला.

तो विचारणाऱ्यांत डेव्हिड ओल्ड्स यांचे नाव घ्यावे लागते. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान गावी १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक साधा प्रयोग केला. प्रथमच आई होणाऱ्या, वयाने लहान, गरीब अथवा एकट्या असलेल्या स्त्रियांच्या घरी परिचारिका नियमाने जाऊ लागल्या. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत. त्या उपदेश करीत नसत. मूल का रडते, झोपत नाही तेव्हा काय करावे, आपला संताप अनावर झाला तर मुलाला क्षणभर सुरक्षित जागी ठेवून बाजूला कसे व्हावे, असल्या गोष्टी त्या बोलत. पंधरा वर्षांनी हिशेब केला तेव्हा या घरांतून मुलांच्या छळाची व हेळसांडीची प्रमाणित प्रकरणे इतर घरांच्या मानाने जवळजवळ निम्मीच आढळली. ही एवढी मोठी गोष्ट दारावर येणाऱ्या एका जाणत्या बाईने घडविली.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जावे, बाळंतिणीला कोणी कामाला लावू नये, तान्ह्याला न्हाऊ घालावयास अनुभवी सुईण किंवा आजी असावी, ही रीत म्हणजे दुसरे काय होते? ‘जरा बघ गं पोराकडे’ असे म्हणून शेजारणीच्या ओटीवर मूल ठेवून आड गाठणारी बाई एका न लिहिलेल्या व्यवस्थेचाच लाभ घेत होती. चाळीत एका खोलीत मुलाचा रडण्याचा आवाज वाढला की पलीकडच्या खोलीतली म्हातारी दारात येऊन उभी राही. उगारलेला हात तेवढ्याने खाली येई.

तथापि या जुन्या व्यवस्थेचे गोडवे फार गाऊ नयेत. त्याच भरल्या घरात मुलाला गुराप्रमाणे बडविले जात असताना कोणी मध्ये पडत नसे, असेही घडे. नकोशी झालेली मुलगी दुधावाचून राही, तेही याच घरात. लैंगिक अत्याचाराविषयी तर २००७ च्या पाहणीने स्पष्टच सांगितले की, असे करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाची असतात. म्हणजे मामा, काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर यांच्या हाती मूल सोपविले की ते सुरक्षित झाले, असे नव्हे. आजीची जागा आठवणीने भरून निघत नाही. तिच्यासाठी शिकलेली, नेमलेली आणि जाब देणारी माणसे लागतात.

या कामी एका मराठी स्त्रीचे ऋण सबंध देशावर आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. शाळेत मुले येत नाहीत तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला. आरंभीच्या ३३ प्रकल्पांपैकी एक म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे होता. कर्नाटकाशी अंगणवाडीचे नाते असे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

मात्र अंगणवाडीची घडी खेड्यातील दिवसावर बसविलेली आहे. दुपार कलली की ती मिटते. पीण्यातील किंवा बोम्मनहळ्ळीतील कारखाना त्यानंतरही चालूच असतो, आणि पाळी सुटल्यावर बसची वाट पाहण्यात आणखी वेळ जातो. मधल्या दोनतीन तासांत मूल कोणाचे? कारखान्याने पाळणाघर ठेवावे, हा उपाय कायद्याला सुचला नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांकरिता पाळणाघर सांगितले होते, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली. परंतु तान्हे मूल काखेत घेऊन गर्दीच्या बसमधून कारखान्यापर्यंत यावयाचे कसे, हे कलमात लिहिलेले नव्हते. पाळणाघर घराजवळ हवे की कामाजवळ, हा वाद वरवर किरकोळ दिसतो. आईच्या दृष्टीने सारे काही त्यावर अवलंबून असते.

बांधकामावरच्या मजुरांचे निराळे. त्यांचे घरच कामावर असते. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहिली आणि तेथेच तंबूत पाळणाघर मांडले. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली व तिचे काम पुढे मुंबई आणि पुण्यापर्यंत आले. इमारत पुरी झाली की मजूर हलतात, त्यांच्या मागोमाग पाळणाघरही हलते. अलीकडे सरकारांनीही या दिशेने पावले टाकली आहेत. २०२२ साली केंद्राने ‘पालना’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आखली. २०२३ साली कर्नाटकाने ग्रामपंचायतींत ४,००० ‘कूसिन मने’ काढण्याचे ठरविले. कन्नडमध्ये कूसु म्हणजे तान्हे मूल आणि मने म्हणजे घर. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांची मुले तेथे राहावीत, हा हेतू. नाव गोड आहे आणि कल्पनाही चांगली आहे. मात्र गाव सोडून बंगळुरास आलेली बाई ते घर मागे ठेवून आलेली असते.

पाळणाघराकडे आजवर स्त्रीला नोकरी करता यावी म्हणून दिलेली सवलत, याच दृष्टीने पाहिले गेले. ते मुलाच्या रक्षणाचे साधन आहे, आणि पोलीस चौकीइतकेच गंभीर साधन आहे, ही दृष्टी अजून रुळावयाची आहे. दिवसभर जाणत्या बाईच्या नजरेखाली असलेल्या मुलाच्या अंगावरचा वळ दुसऱ्याच दिवशी दिसतो. आणि संध्याकाळी थकून आलेल्या आईला न्हालेले, जेवलेले, झोप झालेले मूल परत मिळाले, तर रागाचे निम्मे कारण तेथेच नाहीसे होते.

याच बंगळूर शहरात होसूर रस्त्यावर एक संस्था आहे, जिचे नाव देशभरचे लोक मनाच्या दुखण्याच्या संदर्भात घेतात. जुने मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून १९७४ साली ती उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती ‘निम्हान्स’ या संक्षेपाने रुळली आहे. तेथे २००९ साली देशातील पहिला माता-बालक मनोरुग्ण कक्ष सुरू झाला. आरंभी खाटा पाचच होत्या. डॉ. प्रभा चंद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम उभारले.

बाळंतपणानंतर दर हजार स्त्रियांमागे एक किंवा दोघींना तीव्र मनोविकार जडतो. झोप नाहीशी होते, भलतेसलते आवाज ऐकू येतात, कधी हे मूल आपले नव्हेच किंवा त्याच्यात काही अमंगल शिरले आहे, असे वाटू लागते. खेड्यापाड्यांत ‘लागीर झाले’ असे म्हणून देवऋषी गाठतात. अशा अवस्थेत मुलाच्या जिवाला आईकडूनच धोका संभवतो, हे निम्हान्समधील अभ्यासकांनी २००२ साली पन्नास स्त्रियांच्या पाहणीतून मांडले होते. जुना उपाय सोपा होता: आईला रुग्णालयात डांबावे, मूल सासरी द्यावे. त्यात आईचे दूध तुटे, मूल परके होई, आणि बरी होऊन परतलेल्या बाईला ‘ही वेडी, हिच्या हाती पोर देऊ नका’ हे घरोघर ऐकावे लागे.

नव्या कक्षाने दोघांना एकत्र ठेवले. सोबत घरातील एक स्त्री, बहुधा आई किंवा सासू, राहते. आजार जोरात असताना मूल आईपाशी एकटे ठेवीत नाहीत. पण ते तिच्या दृष्टीआडही करीत नाहीत. उतार पडेल तसतसे परिचारिका तिला मुलाजवळ आणतात: आज नुसते मांडीवर घ्यावयाचे, उद्या न्हाऊ घालावयाचे, परवा त्याच्याशी बोलावयाचे. रडणाऱ्या मुलाकडे पाहून त्याला भूक लागली आहे की झोप आली आहे, हे ओळखणेही येथे नव्याने शिकविले जाते. सोबतची सासूही हे सर्व पाहत असते. घरी गेल्यावर सुनेविषयीचा शब्द तिच्या तोंडून निघणार असतो, म्हणून तिचे पाहणे औषधाइतकेच महत्त्वाचे. मुलाचे रक्षण आणि आईची शुश्रूषा ही दोन कामे नसून एकच काम कसे असते, ते या खोल्यांत दिसते.

हे झाले क्वचित् येणाऱ्या दुखण्याचे. बाळंतिणीची साधी उदासी मात्र क्वचित् येणारी नाही. देशातील ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेल्या निष्कर्षानुसार शंभरांपैकी सुमारे २२ बाळंतिणींना तिने गाठलेले असते. त्याआधी २००२ साली गोव्यातील पाहणीतही असेच प्रमाण दिसले होते, आणि तेथे दोन कारणे ठळकपणे पुढे आली: गरिबी आणि नवऱ्याचा मार. मुलगा हवा असताना मुलगी झाली तर हा भार आणखी वाढे. आई स्वतः मार खात असेल त्या घरात मुलाचे रक्षण मुलापासून सुरू करता येत नाही.

येथे नवऱ्याविषयी दोन शब्द. पालकांचे जे वर्ग भरतात, ज्या सभा होतात, त्यांत समोर बसलेल्या असतात बाया. वेळ दुपारची, जागा अंगणवाडीची, बाप कामावर. दारूच्या दुकानावरून घरी येणाऱ्या माणसाशी कोणी बोलावयाचे, हा प्रश्न सर्व योजनांनी मोठ्या शिताफीने टाळलेला आहे.

लैंगिक अत्याचाराचे प्रकरण मात्र थकव्याच्या आणि गरिबीच्या हिशेबात बसत नाही, व बसवूही नये. तेथे अपराधाला अपराधच म्हटले पाहिजे. त्यासाठीचा केंद्रीय कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. ज्याला असा अपराध ठाऊक आहे त्याने तो कळविलाच पाहिजे, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. कलम योग्य आहे. परंतु त्याचा भार प्रथम कोणाच्या छातीवर पडतो? बहुधा आईच्या. अपराधी घरातलाच मिळवता माणूस असेल तर तक्रारीबरोबर भाडे, किराणा, शाळेची फी, सासरचा आसरा, सगळेच जाते. तिचे मौन पाहून लोक तिला दोष देतात. ती बोलली तर संध्याकाळी चूल कशी पेटेल, हे विचारावयास कोणी थांबत नाही. बंगळूरातील ‘एनफोल्ड’ या संस्थेने २००१ पासून या क्षेत्रात काम केले आहे. मुलांना व पालकांना शरीराच्या सुरक्षिततेविषयी संकोच न करता बोलावयास शिकविणे हे तिचे मूळ कार्य. पुढे न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलांबरोबर व त्यांच्या घरच्यांबरोबर चालण्याचे कामही तिने पत्करले. २०२० च्या नियमांनी अशा सोबत्याला कायद्यात निश्चित स्थान दिले: बालकल्याण समितीने नेमलेला साहाय्यकर्ता, जो तपासापासून निकालापर्यंत मुलाच्या पाठीशी राहतो. मूल जबाब देऊ शकते ते पुष्कळदा त्याची आई कोलमडलेली नसते म्हणून. तिला उभे ठेवण्याचे काम खटल्याच्या बाहेरचे नव्हे.

पोलिसांच्या भीतीने मदत न मागणारे आईबाप फार आहेत. त्यांना ठाऊक नसते की कायदा तितका आंधळा नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे पंचाहत्तरावे कलम मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मुलाचा त्याग केला असेल, तर तो जाणूनबुजून केला असे धरू नये. याच कायद्यात मूल स्वतःच्या घरीच राहावे म्हणून कुटुंबाला पैशाचे साहाय्य देण्याची तरतूद आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते दरमहा ४,००० रुपये धरले आहे. एका मुलाला संस्थेत ठेवण्यापेक्षा ते आईपाशी राहण्यासाठी खर्च करणे बरे, हे तत्त्व कागदावर तरी मान्य झालेले आहे. वस्तीत मात्र त्याचे नाव क्वचितच कोणी ऐकलेले असते.

दूरध्वनीचेही तसेच. १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला. २०२३ पासून त्याची सूत्रे शासकीय यंत्रणेकडे गेली. मूल संकटात असेल तर तो फिरवावा, हे आता बऱ्याच जणांस माहीत आहे. परंतु ‘आज माझा हात मुलावर उठेल अशी मला भीती वाटते’, असे सांगण्यासाठी कोणी दूरध्वनी उचलीत नाही. त्यासाठीही एक दार आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६, शुल्क नाही. तिचे मध्यवर्ती केंद्र बंगळूरच्या निम्हान्समध्येच आहे, आणि ती मराठीतही बोलते. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या, शेजाऱ्याची भाषा न येणाऱ्या मराठी आईबापांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. मन मोकळे करावयाचे तर ते आपल्या भाषेतच होते.

तरीही रडणारे मूल काही वेळ कोणी मांडीवर घ्यावयाचे, याला तारेवरून उत्तर मिळत नाही. हिंडूनफिरून गोष्ट अंगणवाडीच्या सेविकेपाशी येते. वस्तीतील प्रत्येक गरोदर बाई तिला ठाऊक असते, कोणाचा नवरा पितो हे ठाऊक असते, कोणत्या खोलीला बाहेरून कडी असते हेही. एल्मायराच्या परिचारिकेचे काम आपल्याकडे कोणी करू शकेल तर ती. आणि तिला आपण काय देतो? वेतन नव्हे, मानधन. तिला उपदान मिळाले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. त्यापूर्वी मार्च २०१७ मध्ये कर्नाटकातील हजारो अंगणवाडी सेविका मानधनवाढीसाठी बंगळूरास आल्या आणि फ्रीडम पार्कजवळच्या रस्त्यावर त्यांनी रात्री काढल्या. अंगणवाडी संध्याकाळी पाळी सुटेपर्यंत उघडी ठेवावयाची असेल, तर खर्चाच्या यादीत पहिली ओळ या बाईच्या वाढीव तासांच्या मोबदल्याची लिहावी लागेल; नवी खेळणी आणि भिंतीवरचे रंगीत पोपट त्यानंतर.